साखळीपारच्या हुंडणावळीचा अंदाज

शेणव्याच्या नाक्यावर चहाचे दहा रुपयेसुद्धा मोबाइलवरून चुकते करणाऱ्या, आणि त्या व्यवहारास एक पैसाही आकार पडत नाही हे गृहीत धरून चालणाऱ्या, आपल्या शहापूर-मुरबाड पट्ट्यातील तरुण पिढीपैकी ज्यांच्या मोबाइलात अलीकडे क्रिप्टो टोकनांनी घर केले आहे, त्यांची एक तक्रार हल्ली वारंवार कानांवर येते: इथेरियम या ब्लॉकचेनवरचे टोकन पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर नेले, आणि पाच हजारांतले तीनशे रुपये वाटेतच कोठे गळाले ते कळले नाही. गळालेल्या रकमेचा तपशील लागतो, आणि तो आगाऊही लावता येतो. तो कसा लावावा एवढेच येथे सांगावयाचे आहे. या बाजारात पैसा घालावा की न घालावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. ज्या घराचा प्रपंच भाताच्या एका पिकावर आणि हातावरच्या मजुरीवर चालतो, त्या घराने तो घालू नये असे माझे स्वच्छ मत आहे. परंतु ज्यांनी घातला आहे त्यांना नुसता उपदेश पाजून त्यांचा आकार काही कमी होत नाही.

पौषी पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेत बैल घ्यावयास गेलेला जाणता शेतकरी, बैलाच्या किमतीबरोबरच बाजाराची पावती, दलालाची दलाली, टेम्पोचे भाडे आणि वाटेतली वैरण यांची गोळाबेरीज कनवटीच्या पैशांशी ताडून पाहिल्याखेरीज दाव्याला हात लावीत नाही. टोकन नेणाऱ्याचे लक्ष मात्र पडद्यावर ‘फी’ या शब्दापुढे लिहिलेल्या एकाच आकड्यावर खिळलेले असते. आणि हा आकडा दोन ब्लॉकचेन जोडणारा ब्रिज चालविणाऱ्याच्या दस्तुरीचा असून एकूण खर्चात तिचा वाटा पुष्कळदा किरकोळ असतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येते ती रक्कम उतरल्यावर.

मूळ प्रकार असा आहे की, टोकन एका ब्लॉकचेनवरून, म्हणजे साखळीवरून, उचलून दुसरीवर ठेवले जाते हा केवळ भास होय. प्रत्येक ब्लॉकचेन ही आपापली स्वतंत्र खातेवही राखणारी संस्था असून एकीच्या वहीतील नोंद दुसरीला परस्पर वाचता येत नाही. यास्तव ब्रिज करतो ते इतकेच की, अलीकडच्या साखळीवर आपले टोकन कुलूपबंद करून ठेवतो किंवा नष्ट करतो, आणि त्याची खात्री पटल्यावर पलीकडच्या साखळीवर तितक्याच मोलाचे टोकन आपल्या नावे काढून देतो. दोन वह्यांत नोंदी झाल्या म्हणजे दोन ठिकाणी नोंदणीचा आकार आला, मधल्या जामीनदाराची दस्तुरी आली, आणि पलीकडे मिळालेले टोकन आपल्याला हव्या त्या जातीचे नसेल तर ते बदलून घेण्याचा बट्टाही आला. अंदाज करावयाचा तो या सर्वांच्या बेरजेचा.

अलीकडच्या तीरावरच दोन व्यवहार होतात, हे नवख्यास ठाऊक नसते. पहिला परवानगीचा: आमच्या वॉलेटातील अमुक टोकन अमुक ब्रिजने उचलावे, अशी संमती साखळीवर नोंदवावी लागते. दुसरा प्रत्यक्ष जमा करण्याचा. दोहोंचा आकार वेगवेगळा आणि दोन्ही वेळा द्यावा लागतो. संमती देताना ‘अमर्याद’ असा जो पर्याय वॉलेट पुढे करते तो, पुढच्या खेपेचा आकार वाचतो म्हणून, मोहक वाटतो. पण त्या ब्रिजच्या प्रणालीत उद्या खिंडार पडले तर तीच संमती आपले सर्व टोकन बाहेर काढण्याचा परवाना ठरते, आणि ती रद्द करावयाची तर पुन्हा आकार पडतो. सबब जेवढे न्यावयाचे तेवढ्याचीच संमती द्यावी. इथेरियमवरील यूएसडीटी या टोकनाची तर आणखी एक तऱ्हा आहे: पूर्वीची संमती शिल्लक असताना तिचा आकडा थेट बदलता येत नाही, ती अगोदर शून्यावर आणावी लागते, आणि त्या शून्यालाही पैसे पडतात.

आता आकार मोजण्याची रीत. इथेरियमवर प्रत्येक कामास किती श्रम लागतात त्याचे माप ‘गॅस’ या एककात होते; नुसते ईथर, म्हणजे इथेरियमचे नाणे, एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठविण्यास २१,००० एकके ठरलेली आहेत, टोकन पाठविण्यास साधारण दुप्पट ते तिप्पट, परवानगीस सुमारे ५०,०००, आणि ब्रिजमध्ये जमा करण्यास लाखाच्या आगेमागे किंवा त्याहूनही अधिक. दर एककाचा भाव ‘ग्वेई’त सांगतात, आणि एका ईथरचे एक अब्ज ग्वेई होतात. तेव्हा गॅसची एकके गुणिले ग्वेईतला भाव, भागिले एक अब्ज, गुणिले ईथरची रुपयांतील किंमत, असा त्रैराशिकाहून अवघड नसलेला हिशेब आहे. सोयीसाठी ईथर दोन लाख रुपयांस आणि गॅस दहा ग्वेईस धरू. परवानगी व जमा मिळून दीड लाख एकके. दहाने गुणून पंधरा लाख ग्वेई, म्हणजे ०.००१५ ईथर, म्हणजे तीनशे रुपये. वरच्या तक्रारीतील तीनशे रुपये ते हेच. भाव पन्नास ग्वेई असता तर पंधराशे गेले असते, आणि एक ग्वेई असता तर तीस.

एककांचा आकडा अंदाजपंचे धरण्याचे कारण नाही. इथरस्कॅनसारखी साखळीचे दफ्तर सर्वांस खुले करणारी जी स्थळे आहेत, त्यांवर त्या ब्रिजच्या कराराचा, म्हणजे साखळीवर बसविलेल्या त्याच्या प्रणालीचा, पत्ता उघडून, आपल्यासारखाच व्यवहार नुकत्याच केलेल्या आठ-दहा जणांच्या नोंदी पाहाव्यात. प्रत्येकीत ‘गॅस युज्ड’ या शीर्षकाखाली प्रत्यक्ष किती एकके खर्ची पडली ते लिहिलेले असते. त्यांतला वरचा आकडा घ्यावा, सरासरी घेऊ नये. ही पाच मिनिटांची रुजुवात कोणत्याही जाहिरातीतल्या ‘अत्यल्प शुल्क’ या शब्दांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. कराराचा पत्ता मात्र ब्रिजच्या अधिकृत दस्तऐवजांतूनच घ्यावा. टेलिग्रामवर कोणी पाठविला म्हणून घेऊ नये.

एकके स्थिर असतात, भाव मात्र क्षणाक्षणाला हलतो. ५ ऑगस्ट २०२१ रोजी इथेरियमच्या नियमांत जी सुधारणा झाली, तीनुसार प्रत्येक व्यवहारास एक मूळ दर लागतो, जो नष्ट केला जातो, आणि त्यावर नोंद करणाऱ्यास द्यावयाची बक्षिशी असते. मूळ दर दर ब्लॉकास, म्हणजे नोंदींच्या दर गठ्ठ्यास, जास्तीत जास्त साडेबारा टक्के वाढू शकतो. हे प्रमाण ऐकण्यास सौम्य वाटते. परंतु ब्लॉक दर बारा सेकंदांनी निघतो हे लक्षात घेतले म्हणजे गर्दी टिकून राहिल्यास बहात्तर सेकंदांत दर दुप्पट होऊ शकतो हे दिसेल. ज्या गावी पडद्यावरचा आकडा वाचून होईतो नेटवर्कची एक दांडी नाहीशी होते, त्या गावच्या माणसाने सही करण्यापूर्वी आकडा पुन्हा एकदा ताजा करून पाहणे अगत्याचे आहे. १ मे २०२२ रोजी, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सकाळ उजाडली असता, अमेरिकेतील एका कंपनीने काल्पनिक जमिनीचे तुकडे विक्रीस काढले आणि त्या झुंबडीत गॅसचा भाव हजारो ग्वेईंवर गेला. त्या घटकेस ज्यांना त्या जमिनीशी काडीचेही कर्तव्य नव्हते त्यांनाही त्याच भावाने पैसे मोजावे लागले असते. घाई नसेल तर अमेरिका निजलेली असताना, म्हणजे आपल्या सकाळपासून दुपारपर्यंतच्या वेळेत, त्यातून शनिवार-रविवारी, भाव बहुधा उतरलेला सापडतो.

येथे एक कटू गोष्ट सांगून टाकली पाहिजे. व्यवहार अयशस्वी झाला तरी तोवर खर्ची पडलेला गॅस परत मिळत नाही. गॅसची मर्यादा मुद्दाम कमी लावून काटकसर साधू पाहणाऱ्याचा व्यवहार अर्ध्यावर कोसळतो, आकार जातो, आणि टोकन जेथल्या तेथे राहते. मर्यादा थोडी सैल ठेवलेली बरी, कारण न वापरलेली एकके आकारली जात नाहीत. त्यासाठी वॉलेटात मात्र तितके ईथर शिल्लक असावे लागते.

गॅस हा रकमेवर अवलंबून नाही, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाच हजारांस तीनशे म्हणजे शेकडा सहा. तेच तीनशे पाच लाखांस शेकडा सहा पैसे. याउलट ब्रिजची दस्तुरी बहुधा शेकडेवारीने असते. म्हणून मोठ्या रकमेच्या मालकाने दस्तुरीची चौकशी अधिक करावी आणि लहान रकमेच्या मालकाने गॅसची. सल्ले देणारे बहुतेक मोठ्या रकमांचे धनी असतात आणि ऐकणारे लहान, त्यामुळे उलटेच होते.

पॉलिगॉनचे उदाहरण घेण्यास कारण आहे. जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन यांनी २०१७ साली ‘मॅटिक’ या नावाने मुंबईत आरंभिलेला हा उपक्रम, इथेरियमवरील याच महागाईवर तोड म्हणून पुढे आला. त्याच्या चाचणीच्या साखळीचे नावही ‘मुंबई’ असे ठेवले होते, आणि तेथे सरावापुरती टोकने विनामूल्य मिळत. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी देऊन स्वतःच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या शहापूर तालुक्यास मुंबईकडून फुकट मिळालेली बहुधा ही एकच चीज असावी. तीही २०२४ च्या एप्रिलात बंद झाली, आणि तिच्या जागी ‘अमॉय’ आली. नवख्याने पहिली खेप अशा चाचणीच्या साखळ्यांवरून, इथेरियमच्या ‘सेपोलिया’वरून ‘अमॉय’वर, करून पाहावी. तेथे गॅसची एकके कळतात, क्रम कळतो, कोणत्या वेळी कशावर सही मागितली जाते ते कळते. भाव मात्र तेथला खरा नसतो, म्हणून तेथील आकाराच्या आकड्यावर विसंबू नये.

४ सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकचे रूपांतर ‘पीओएल’ या नव्या टोकनात सुरू झाले. पॉलिगॉनवर ठेवलेल्या मॅटिकचे रूपांतर आपोआप झाले. इथेरियमवर पडून राहिलेले मॅटिक मात्र मालकाने स्वतः गॅस भरून बदलून घ्यावे लागते. ज्याच्या इथेरियमवरील वॉलेटात शे-दोनशे रुपयांचे मॅटिक उरले असेल, त्याने वरील सूत्राने आकार काढून पाहावा. भाव चढा असेल तर बदलण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक भरतो, आणि अशा वेळी तूर्त हात न लावणे हाच शहाणपणा.

पॉलिगॉनवर उतरल्यावर दुसरी अडचण उभी राहते. तेथील आकार ईथरमध्ये नव्हे, पीओएलमध्ये द्यावा लागतो. हातात हजारो रुपयांची यूएसडीसी (डॉलरशी मोल बांधलेले टोकन) असून पीओएलचा कणही नसल्यामुळे ती जागची हलविता येत नाही, असा प्रसंग नवख्यांवर हमखास येतो. रक्कम क्षुल्लक असते; पण ती अगोदर नेऊन ठेवावी, किंवा जो ब्रिज उतरताना थोडे इंधनही हातावर ठेवतो तो निवडावा. उतरलेली यूएसडीसी कोणत्या जातीची आहे हेही पाहावे. मूळ कंपनीने त्या साखळीवर काढलेली अस्सल यूएसडीसी वेगळी, आणि ब्रिजमधून आलेली, नावापुढे ‘ई’ हे अक्षर लावलेली वेगळी. जिथे ती द्यावयाची आहे तेथे दुसरी चालत नसेल, तर अदलाबदलीचा बट्टा आणि भावातली घसरण हीही खर्चात धरावी.

जातानाचा खर्च काढून परतीचा विसरणे ही तर सार्वत्रिक चूक आहे. पॉलिगॉनच्या अधिकृत ब्रिजने इथेरियमवर परतावयाचे झाल्यास पॉलिगॉनवर टोकन नष्ट करण्यास नाममात्र आकार पडतो. मग तेथील नोंदींचा गोषवारा इथेरियमवर चढेपर्यंत अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत थांबावे लागते. आणि शेवटी पुरावा सादर करून आपली रक्कम सोडवून घेण्याचा व्यवहार इथेरियमवरच, इथेरियमच्याच भावाने, करावा लागतो. पुरावा तपासण्याचे श्रम अधिक म्हणून याची एकके जमा करण्याहून जास्त. अंदाजापुरती तीन लाख धरली तर वरच्याच भावाने सहाशे रुपये झाले. म्हणजे जाऊन-येऊन नऊशे. एकूण खर्च रकमेच्या शेकडा दोनच्या वर जात असेल तर खेप करू नये, असा माझा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने दहा ग्वेईच्या भावाला पंचेचाळीस हजारांच्या खालची रक्कम हलवू नये, आणि एक ग्वेईच्या भावाला साडेचार हजारांच्या खालची.

आर्बिट्रम, ऑप्टिमिझम यांसारख्या, इथेरियमच्याच आधारावर उभ्या असलेल्या साखळ्यांवरून अधिकृत मार्गाने परतण्यास सात दिवसांची मुदत असते, कारण तेवढ्या अवधीत कोणालाही खोट्या नोंदीवर हरकत घेता यावी अशी योजना आहे. ऑप्टिमिझमवर तर पुराव्याचा आणि अंतिम सोडवणुकीचा, असे दोन व्यवहार इथेरियमवर करावे लागतात. इथेरियमच्या नियमांतील १३ मार्च २०२४ च्या सुधारणेनंतर या साखळ्यांवरील आतला आकार फारच खाली आला, त्यामुळे तेथे वावरणे स्वस्त झाले. बाहेर पडून इथेरियमवर येण्याचा खर्च मात्र इथेरियमच्या भावाशीच बांधलेला राहिला.

सात दिवस थांबण्याची तयारी नसलेल्यांसाठी अॅक्रॉस, स्टारगेट यांसारखे द्रुत ब्रिज आहेत. त्यांच्याकडे पलीकडच्या तीरावर कोणीतरी आपले भांडवल आगाऊ गुंतविलेले असते. आपली रक्कम तो तत्काळ चुकती करतो आणि मागाहून सावकाश वसूल करतो. त्या तसलमातीचे व्याज, पलीकडच्या साखळीवरचा गॅस आणि दस्तुरी हे सर्व आपल्या रकमेतूनच वळते होते, व पडद्यावर ते निरनिराळ्या नावांनी विखुरलेले असते. त्या नावांच्या नादी न लागता ‘किती दिले’ आणि ‘किमान किती मिळणार’ या दोनच आकड्यांची वजाबाकी करावी, तीत अलीकडचा गॅस मिळवावा, आणि एकाच वेळी दोन-तीन ब्रिजांवर तीच रक्कम घालून तुलना करावी. तुलना एकाच बैठकीत व्हावी. सकाळचा एक आकडा आणि संध्याकाळचा दुसरा यांची तुलना निरर्थक होय.

सर्वांत स्वस्त दिसला तोच ब्रिज धरावा असे मात्र मी म्हणणार नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत वर्महोल, मार्चात रोनिन आणि ऑगस्टात नोमॅड अशा तीन ब्रिजांना एकाच वर्षात चोरट्यांनी लुटले, आणि एकट्या रोनिनमधून साठ कोटी डॉलरांहून अधिक मोलाची मालमत्ता गेली. कुलूपबंद मालाचा साठा एकाच ठिकाणी असतो, म्हणून दरोडा तेथेच पडतो. अल्प दस्तुरीत वाचलेले दहा रुपये या जोखमीपुढे काहीच नव्हेत.

ब्रिजच टाळण्याचा एक मार्ग आहे. टोकन एक्स्चेंजवर असेल तर काढून घेतानाच हवी ती साखळी निवडता येते. एक्स्चेंज त्यासाठी ठरावीक आकार घेते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी लागतो. लहान रकमेस हा मार्ग पुष्कळदा ब्रिजहून स्वस्त पडतो. साखळी निवडताना समोरच्या वॉलेटाचा पत्ता त्याच साखळीवर चालतो ना, हे दोनदा पाहावे, आणि पहिल्याने अगदी अल्प रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करावी. दुहेरी आकार पडला तरी हरकत नाही. एक्स्चेंजवर माल पडू देण्यातही जोखीम आहेच: १८ जुलै २०२४ रोजी मुंबईत उगम पावलेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजचे सुमारे तेवीस कोटी डॉलरांचे टोकन चोरीस गेले आणि ग्राहकांचे पैसे दीर्घकाळ अडकून पडले.

सरकारचा हिस्सा या अंदाजात धरण्याचे कोणाच्या मनात येत नाही. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर बसला, आणि नफा काढताना खरेदीच्या किमतीखेरीज कोणत्याही खर्चाची वजावट मिळत नाही. म्हणजे ने-आण करण्यात गेलेला गॅस करखात्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. पाच हजारांस घेतलेले टोकन सहा हजारांस विकले, तर हजार रुपये नफा आणि तीनशे बारा रुपये कर. जाऊन-येऊन नऊशे रुपये आकार पडलेला असेल तर बाराशे बारा वजा हजार: कागदावर शेकडा वीस नफा, आणि पदरची दोनशे बारा रुपयांची तूट. विक्रीच्या वेळी एक टक्का जो कापला जातो तो या करातच जमा धरला जातो, त्यामुळे त्याची वेगळी बेरीज करू नये. दर व्यवहाराचा हॅश (साखळीवरील ओळखक्रमांक), तारीख, त्या दिवशीचा रुपयांतील भाव आणि पडलेला आकार एका वहीत मांडून ठेवावा. विवरणपत्राच्या वेळी सनदी लेखापालास हे दफ्तर दिले तर त्याची फी तरी कमी होते.

आणखी एका आकाराचा उल्लेख करावयास हवा, जो मुळात आकारच नव्हे. तुमच्या खात्यात अमुक लाखांचे टोकन जमा आहेत, ते पलीकडच्या साखळीवर सोडविण्यासाठी तेवढी ‘गॅस फी’ अमुक यूपीआय क्रमांकावर भरा, असा निरोप ज्यास येतो, त्याने हे पक्के ध्यानात ठेवावे की गॅस हा कोणाही मनुष्यास, कंपनीस अथवा बँकेच्या खात्यास द्यावयाचा नसतो. तो व्यवहारावर सही करताच आपल्याच वॉलेटातून, त्या साखळीच्या नाण्यात, आपोआप कापला जातो. रुपयांत मागितलेली, आगाऊ मागितलेली आणि भरताच पुन्हा ‘कर’, ‘पडताळणी’ अशा नव्या नावाने वाढत जाणारी फी ही फसवणूक होय. पैसे गेलेच असतील तर शहापूरच्या पोलीस ठाण्यापर्यंत जाईतो थांबू नये. तत्क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि समोरच्याचे यूपीआय नाव सांगावे, व आपल्या बँकेसही त्याच वेळी कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठविता आली तर येते.